जप्तीत काय जातं, काय राहतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कर्ज थकलेल्या घरांतून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या सामान्य कर्जदाराला अजूनही लागू आहे तो प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० (नादारी म्हणजे दिवाळखोरी). २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, पण तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांपुरता.

प्रश्न: वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी करतो. पगार ४० हजार. क्रेडिट कार्डं आणि पर्सनल लोन मिळून १४ लाखांचं देणं झालं आहे. कळव्यातला वन-बीएचके गृहकर्जावर घेतलेला आहे. वसुलीला येणारा माणूस म्हणतो, 'दिवाळखोरीत गेलात तर अंगावरच्या कपड्यांसकट सगळं जाईल.' मित्र म्हणतो, राहत्या घराला कोणी हात लावू शकत नाही. खरं काय?
– एक वाचक, कळवा

उत्तर: दोघांचंही चूक आहे, आणि मित्राची चूक जास्त धोक्याची आहे.

नादार घोषित झाल्यावर तुमची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा ती सांभाळायला त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, असं १९२० च्या कायद्याचं कलम २८ सांगतं. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेल्या वस्तू त्यात येत नाहीत. म्हणजे न्यायालयाचा बेलीफ हुकूमनाम्यावर (पैसे भरा असा दिवाणी न्यायालयाचा निकाल) जप्तीला आला काय किंवा तुम्ही नादारीचा अर्ज केलात काय, काय उरणार याची मुख्य यादी तीच. त्यात तुमचे, पत्नीचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, गाद्या-अंथरुणं आहेत. धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नये असे दागिने आहेत, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि तुमच्या स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसेही आहेत. ग्रॅच्युइटीलाही जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे. फ्रिज, टीव्ही, स्कूटर, एफडी, म्युच्युअल फंड, सोन्याची नाणी मात्र या यादीत नाहीत.

इथे सगळ्यात महाग पडणारी चूक होते ती पीएफची. हप्ते थकले की माणूस घाबरून पीएफ काढतो आणि कार्डवाल्याला देतो. ज्या पैशाला कोणी हात लावू शकत नव्हतं तो आपण होऊन हातातून घालवायचा, आणि कर्ज तरीही पूर्ण फिटत नाही. पीएफ आहे तिथेच राहू द्या. विम्याचंही तसंच: पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढलं, की त्या रकमेवर आधी त्या सावकाराचा हक्क.

पगाराचा हिशेब असा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. ४०,००० मधून १,००० वजा केले की ३९,००० राहतात. त्यातले २६,००० सुरक्षित, १३,००० जप्तीयोग्य. तुमच्या हातात २७,००० राहायलाच हवेत. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला ही सूट नाही, तिथे पगाराचा एक तृतीयांशच वाचतो. आणि कर्ज देताना 'मी कलम ६० चे हक्क सोडतो' असं कोणी लिहून घेतलं असेल, तर ते लिखाण कायद्याने निरर्थक आहे.

आता घर. कलम ६० मध्ये राहत्या घराला संरक्षण आहे, पण ते शेतकरी, मजूर आणि घरगडी यांच्या घराला. नोकरदाराच्या फ्लॅटला नाही. त्यातून तुमचा फ्लॅट तारण आहे, आणि तारण घेतलेल्या बँकेचा हक्क नादारीने थांबत नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, धरलं जातं. मग सरफेसी कायद्याखाली (बँकेला दावा न लावता तारणाचा ताबा घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्या, बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. त्यानंतर ताबा. ताब्याविरुद्ध डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, ४५ दिवसांत जावं लागतं.

समजा फ्लॅट ६२ लाखांचा आहे आणि कर्ज ४८ लाख उरलं आहे. मधले १४ लाख हीच तुमची खरी मालमत्ता. नादारीत गेलात तर कार्डवाल्यांची नजर त्याच रकमेवर असेल. लिलावात भाव पडतो, ताबा-लिलावाचा खर्च तुमच्या माथी बसतो, आणि १४ चे सहा-सात कधी होतात ते कळतही नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत असं: गृहकर्जाचा हप्ता आधी भरा, कार्डांशी एकरकमी तडजोडीची बोलणी करा, आणि नादारीचा अर्ज शेवटी ठेवा. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हातात पडल्याशिवाय रुपयाही भरू नका, आणि भरल्यावर ना-देय दाखला घ्या. फोनवरच्या आश्वासनावर भरलेले पैसे व्याजात जमा झाल्याची उदाहरणं फार आहेत. बचत खातं कर्ज देणाऱ्याच बँकेत असेल तर ती बँक त्या खात्यातून परस्पर वळती करू शकते, त्यामुळे पगार दुसऱ्या बँकेत घेणं योग्य. नादारीचा अर्ज केलात तर मालमत्तेच्या यादीत ते खातं मात्र दाखवायचं.

प्रश्न: यजमानांचा धंदा बसला आहे. दीर म्हणतात, यजमानांनी घर माझ्या, म्हणजे बायकोच्या, नावावर बक्षीसपत्राने करून टाकावं, मुद्रांक फक्त २०० रुपये लागतो, मग नादारीचा अर्ज करावा. माझे दागिनेही यजमानांच्या देण्यात जातील का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, २०० रुपयांची गोष्ट खरी आहे. राहतं घर पती-पत्नी किंवा मुलांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक तेवढाच लागतो, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण मुद्रांक स्वस्त आहे म्हणून व्यवहार टिकतो असं नाही. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर मालक नादार ठरला, तर मोबदल्याशिवायचं असं हस्तांतरण रिसीव्हरला रद्द करून घेता येतं. याला १९२० च्या कायद्याच्या कलम ५३ चा आधार आहे. दोन वर्षं थांबलं तरी सुटका नाही. धनकोंना (ज्यांचे पैसे येणं आहे त्यांना) चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खालीही पाडता येतं (योगायोगाने तोच आकडा). शिवाय असा व्यवहार हीच 'नादारीची कृती' धरून धनको स्वतःच यजमानांविरुद्ध अर्ज करू शकतात. बुडवण्यासाठी मालमत्ता लपवणं किंवा काढून देणं याला १९२० च्या कायद्याच्या कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. भावाच्या नावे हक्कसोडपत्र, मेव्हण्याच्या नावे गाडी, मित्राकडे ठेवलेलं सोनं, सगळ्यांना हेच लागू.

तुमचं म्हणून जे आहे ते मात्र यजमानांच्या देण्यात जात नाही, कारण ते त्यांचं नाहीच. माहेरहून आणि लग्नात मिळालेले दागिने हे स्त्रीधन, तुमच्या पगारातून केलेली एफडी तुमची. अडचण पुराव्याची येते. लग्नातले फोटो, सराफाची तुमच्या किंवा वडिलांच्या नावची पावती, जुनं मूल्यांकन हे सगळं आत्ताच एका फाईलमध्ये लावा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर त्यात काय कोणाचं याची दोघांच्या सहीची यादी करा, पण खरी. जप्तीत तुमची वस्तू उचलली गेली तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) चालू असलेल्या न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ५८ खाली हरकत अर्ज करायचा. लिलाव होऊन गेला की हा दरवाजा बंद होतो.

घर दोघांच्या नावावर असेल तर रिसीव्हरकडे जातो तो फक्त यजमानांचा हिस्सा. पण एक पाहा: कर्जाच्या कागदावर तुम्ही सहकर्जदार म्हणून सही केली आहे का? असेल तर बँकेपुरत्या तुम्ही स्वतःच ऋणको, म्हणजे कर्जदार, आहात आणि वरचं सगळं त्या बँकेला लागू नाही.

विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या १८७४ च्या कायद्याखाली काढलेली विमा पॉलिसी नवऱ्याच्या धनकोंना मिळत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. ते बरोबर आहे, पण ती पॉलिसी काढतानाच तसा अर्ज भरावा लागतो. जुनी पॉलिसी नंतर त्यात घालता येत नाही. आणि धनको दारात उभे असताना त्यांना चुकवायला काढलेल्या पॉलिसीचे हप्ते ते परत मागू शकतात.

प्रश्न: घणसोलीत भाड्याने राहते. रात्री साडेनऊला दोघे 'जप्तीला आलोय' म्हणून दार वाजवत होते. असं येता येतं?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: नाही. जप्तीला येतो तो न्यायालयाचा बेलीफ. त्याच्याकडे दरखास्त क्रमांक आणि न्यायालयाचा शिक्का असलेलं वॉरंट असतं. ते वाचून, नंबर टिपून घ्या. राहत्या घरात सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्यालाही शिरता येत नाही. बाहेरचं दार तो फोडू शकतो ते फक्त घर ऋणकोच्या ताब्यात असेल आणि आत येऊ दिलं नसेल तेव्हा. बँकेच्या वसुली एजंटला जप्तीचा अधिकार मुळीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार त्याने सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनही करायचा नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही, हेही लक्षात असू द्या. पुरुषांच्या बाबतीतही केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, देण्याची ऐपत असून टाळाटाळ केल्याचं दिसावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८० मध्येच सांगितलं आहे.

प्रश्न: पुतण्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलो. तो गायब आहे. मी निवृत्त, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची एफडी यावरच घर चालतं.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी पुतण्याकडून वसूल करा' असं म्हणता येत नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. लढायचं ते याच टप्प्यावर. नोटीस आली की हजर व्हा, खातेउतारा मागा, व्याज-दंडव्याजाचा हिशेब तपासा, कर्जदाराचं तारण का विकलं नाही ते लेखी विचारा. अनेक जामीनदार नोटीस कपाटात ठेवतात आणि दाखला निघाल्यावर जागे होतात. मग दाखल्याविरुद्धच्या पुनरीक्षण (फेरतपासणीच्या) अर्जासाठी थकबाकीच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते.

पेन्शन आणि ग्रॅच्युइटी कलम ६० खाली जप्तीबाहेर आहेत. हातात आल्यावर एफडीत ठेवली तरी त्या पैशाचं स्वरूप बदलत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राधे श्याम गुप्ता प्रकरणात २००८ मध्ये म्हटलं आहे. त्यासाठी माग सलग दिसला पाहिजे: ग्रॅच्युइटी जमा झाल्याची नोंद, त्याच खात्यातून निघालेली एफडी, तिची नूतनीकरणं. त्यात घरभाड्याचे किंवा मुलाने पाठवलेले पैसे मिसळले असतील तर सिद्ध करणं अवघड होतं. पेन्शनचं खातं वेगळं करा आणि त्यात दुसरं काही येऊ देऊ नका. वसुली अधिकाऱ्याकडे ही कागदपत्रं जोडून लेखी हरकत आताच द्या आणि पोच घ्या. तुम्ही जे भराल ते पुतण्याकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, तेव्हा प्रत्येक भरणा पावतीनेच करा.

प्रश्न: दिव्यात शिवणकाम करतो. माझी मशिनं नेतील का?
– एक वाचक, दिवा

उत्तर: कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. स्वतः शिवत असाल तर मशिन, इस्त्री, कात्र्या यात येतात. मशिन कर्जावर घेतलं असेल आणि त्याच कर्जाला तारण असेल तर त्या बँकेपुरतं हे संरक्षण नाही. पाच मशिनं आणि चार कामगार असतील तर न्यायालय त्याकडे कारागिराचं हत्यार म्हणून नव्हे, धंद्याची मालमत्ता म्हणून बघण्याची शक्यता मोठी. तुम्ही स्वतः वापरता ते मशिन मालमत्तेच्या यादीत वेगळं दाखवा.

प्रश्न: महापे एमआयडीसीतल्या आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जाला मी वैयक्तिक हमी दिली होती. माझं काय?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: तुम्हाला २०१६ ची संहिता लागू. तिची वगळलेल्या मालमत्तेची यादी थोडी आजच्या काळातली आहे. त्यात तारणमुक्त असलेली कामाची साधनं आणि कामाला लागणारं वाहन, घरातलं फर्निचर आणि गरजेचं सामान, एक लाख रुपयांपर्यंतचे दागिने, आयुर्विमा पॉलिसी किंवा पेन्शन योजना, आणि शहरात २० लाखांपर्यंतचं एकमेव राहतं घर हे येतं. २० लाखांत कोपरखैरण्यात काय मिळतं हे तुम्ही जाणता. घर या सवलतीत बसेल असं धरून चालू नका. अर्जाआधीच्या दोन वर्षांतले कमी किमतीचे व्यवहार इथेही उघडले जातात. नातेवाइकांना झुकतं माप देऊन केलेली परतफेड दोन वर्षांपर्यंत, इतरांना केलेली सहा महिन्यांपर्यंत तपासली जाते.

प्रश्न: नादारीचा अर्ज नेमका कुठे, कसा करायचा? कुठे फसतं?
– एक वाचक, कोपरी

उत्तर: जिथे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात. कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. मुलुंडचा माणूस मात्र १९०९ च्या वेगळ्या कायद्याखाली उच्च न्यायालयात जातो. चुकीच्या ठिकाणी केलेला अर्ज परत येतो आणि तोवर महिने जातात.

देणी भागवता येत नाहीत आणि देणं ५०० रुपयांच्या वर आहे (आकडा १९२० चा, तसाच राहिला), एवढं प्रथमदर्शनी दाखवलं की अर्ज करता येतो. अर्जात राहण्याचा पत्ता. प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम. प्रत्येक मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे ते. आधी असा अर्ज केला होता का. आणि वगळलेल्या वस्तू सोडून सगळं न्यायालयाच्या हवाली करायची तयारी, एवढं लिहायचं. सोबत तीन वर्षांचे बँक उतारे, पगारपत्रकं, कर्जाचे करार, नोटिसा, दाव्यांचे क्रमांक ठेवा. धंदा असेल तर हिशेबाच्या वह्या हव्यातच. तीन वर्षांचे हिशेब नसणं हे पूर्ण मुक्तता (उरलेल्या देण्यांतून न्यायालयाने दिलेली सुटका) नाकारण्याचं एक कारण आहे. वगळलेल्या वस्तूंचं वेगळं परिशिष्ट करा आणि प्रत्येक वस्तूपुढे कलम ६० चा कोणता खंड ते लिहा. पीएफचा शेवटचा उतारा, पीपीएफचं पासबुक, पॉलिसी क्रमांक सगळं तिथे. न लिहिलेली सुरक्षित वस्तू नंतर लपवलेल्या वस्तूसारखी दिसते.

नुसता अर्ज दाखल केल्याने जप्ती थांबत नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. अर्ज दाखल करून घेतल्यावर त्याची सूचना दरखास्तीच्या न्यायालयाला दिली, की जप्त वस्तू रिसीव्हरकडे सोपवली जाते. अटकेपासून संरक्षण हवं असेल तर १९२० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली वेगळा अर्ज करावा लागतो. चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो, तो यामुळे संपत नाही.

फसतं ते साधारण अशा ठिकाणी. मित्राचे हातउसने पैसे यादीत घालत नाहीत, कारण लाज वाटते. मग तो मित्र यादीबाहेर राहतो आणि अर्जावर संशय येतो. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत साडूचं कर्ज तेवढं फेडतात. रिसीव्हर ते परत मागवू शकतो. नादार असताना कोणाकडून ५० रुपयांच्या वर उधार घेतलं आणि आपण नादार असल्याचं सांगितलं नाही, तर तो गुन्हा आहे, किराणावाल्याचं खातंसुद्धा त्यात येतं. आणि सगळ्यात दुःखाची चूक शेवटची. नादार घोषित करताना न्यायालय मुक्ततेचा अर्ज किती दिवसांत करायचा ते ठरवून देतं. आता सुटलो असं वाटून माणूस ती तारीख विसरतो. मग नादारीच रद्द होते, सगळे धनको परत उभे राहतात, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुन्हा अर्ज करता येत नाही. ती तारीख घरातल्या दोघांच्या फोनमध्ये घाला.

मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी सुटत नाही. तुमचा जामीनदारही सुटत नाही, त्याला आधीच कल्पना द्या. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

प्रश्न: मुलगा नादार घोषित झाला आहे, मुक्तता व्हायची आहे. माझं वय ७४. पनवेलचं घर मी स्वतः कमावलेलं. माझ्यानंतर त्याचा वाटा धनकोंकडे जाईल का? सून आणि नातीचं कसं होणार?
– एक वाचक, पनवेल

उत्तर: मुक्ततेआधी त्याला वारसाने जे मिळेल ते रिसीव्हरकडे जातं. पण तुमच्या हयातीत त्या घरावर त्याचा कसलाही हक्क नाही, आणि स्वकष्टाची मालमत्ता कोणाला द्यायची हे ठरवायला तुम्ही मोकळे आहात. मृत्युपत्र करा आणि त्याचा वाटा थेट सुनेला किंवा नातीला द्या. यात लपवाछपवी काही नाही, कारण धनकोंचं काही काढून घेतलं जात नाही. नात अज्ञान असेल तर तिचा वाटा कोण सांभाळेल आणि खर्च कशावर करेल ते लिहा. दोन साक्षीदार घ्या, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी निबंधक कार्यालयात करून घ्या, आणि वयामुळे डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडा. सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. तिथे मुलाचं नाव असेल तर तेही बदला.

गावाकडची वडिलोपार्जित जमीन असेल तर तिथला हिशेब वेगळा. मुलाचा त्यातला हिस्सा जन्माने आलेला, म्हणजे आजच त्याचा आहे, आणि तो त्याच्या यादीत असायला हवा. नसेल तर वकिलाकरवी यादीत दुरुस्तीचा अर्ज देऊन तो आता दाखवा. रिसीव्हरला सातबाऱ्यावरून कळण्याआधी तो अर्ज जायला हवा.